पिंपाखालचा गोल

दादाला जाऊन तीन महिने झाले. या तीन महिन्यांत त्याच्याविषयी काही लिहावं म्हणून मी चार-पाच वेळा बसलो आणि दर वेळी साकीनाक्याच्या गाळ्यातल्या फरशीवरच्या एका गोल डागापाशी येऊन अडलो. म्हणून या वेळी तिथूनच सुरुवात करतो.

गाळा म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. तीत स्प्रिंगा वळायची तीन यंत्रं, एक भट्टी आणि दादाची चार माणसं. आमचे वडील गिरणीत होते, त्या ओळखीवर दादाला पहिलं काम गिरण्यांचंच मिळालं. मागांना लागणाऱ्या लहान-मोठ्या स्प्रिंगा तो पुरवायचा. मग गिरण्यांचा संप झाला, लांबला, आणि गिरण्यांबरोबर दादाचं कामही थांबलं. वर्षभर त्याने कुलुपांच्या आणि छत्र्यांच्या स्प्रिंगा करून गाळा कसाबसा उघडा ठेवला. आधी सहा माणसं होती, त्यांतली दोन कमी केली. उरलेल्यांना त्याने सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत ओढतो. पुढचं माझ्या हातात नाही."

अशात मरोळच्या एका ओळखीच्या कारखानदाराने निरोप दिला. जपानमधली एक कंपनी इथल्या एका कंपनीबरोबर दुचाकी गाड्या बनवणार होती आणि तिचा एक इंजिनीअर सुटे भाग कुणाकडून घेता येतील ते बघत उपनगरांतल्या गाळ्यांतून हिंडत होता. पुढच्या आठवड्यात तो दादाकडे येणार होता. हे काम मिळालं तर गाळा राहणार होता. नाही मिळालं, तर दिवाळीला कुलूप.

मी तेव्हा मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दादाने नववीत शाळा सोडली आणि त्याच्या कमाईवर मी बी.ए. झालो. त्यामुळे त्याचं इंग्रजी म्हणजे मी. पत्रं मी लिहायची, टाइप करून आणायची, आणि त्याने खाली मराठीत सही करायची. सही करण्याआधी तो कागदाकडे नीट बघायचासुद्धा नाही. मी त्याला एकदा म्हटलंही होतं, "अरे, निदान काय लिहिलंय ते विचार तरी." तो म्हणाला होता, "तू लिहिलंयस ना? मग झालं."

पाहुणा येणार हे कळल्यावर घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत आईने ताबा घेतला. आई मूळची मालवणकडची. चाळीस वर्षं मुंबईत राहूनही तिची बोली तशीच होती. तिच्या हिशेबी हा कार्यक्रम ओळखीचाच होता. "चेडवाक बघूक येतत तशी तयारी करूक व्हयी," ती म्हणाली. "फरशी धुवा. शेजारसून बरी खुर्ची आणा. वायट काय ता त्याच्या नजरेक पडता नये."

दादालाही ते पटलं. मलाही पटलं, हे मी लपवत नाही. माझ्या स्वतःच्या दोन्ही बहिणींची लग्नं आम्ही अशीच जमवली होती. एकीच्या कपाळावरचा व्रण केसांच्या वळणाखाली गेला होता, दुसरीचा चष्मा कपाटात. समोरचेही त्यांच्या मुलाचं काही ना काही कपाटात ठेवूनच आले असणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नसे.

गाळ्याच्या दाराशी एक निळं पिंप असायचं. वळताना चुकलेल्या, भट्टीत जास्त तापून ठिसूळ झालेल्या, आखूड भरलेल्या स्प्रिंगा त्यात पडायच्या आणि महिन्याला भंगारवाला येऊन त्या उचलायचा. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी ते पिंप आम्ही शेजारच्या गाळ्यात नेऊन ठेवलं. तो गाळा एका प्लेटिंगवाल्या शेठचा होता. शेठला या सगळ्यात आमच्यापेक्षा जास्त रस. तो दादाला म्हणाला, "देखो, ये लोग बोलते कुछ नहीं, खाली देखते हैं. और घर जाके वोही चीज बना डालते हैं. भट्टी ढक के रखो."

दादाने भट्टीवर गोणपाट टाकलं.

मग फरशी धुतली. सोडा टाकून घासली. तेव्हा लक्षात आलं की सगळी फरशी वर्षानुवर्षांच्या तेलाने काळी पडली आहे आणि पिंपाखालची तेवढी कोरी राहिली आहे. काळ्या फरशीवर एक पांढरा गोल. जितकी घासावी तितका तो आणखी उठून दिसायला लागला. शेवटी शेजारून आणलेली खुर्ची आम्ही त्याच्यावर ठेवली. गोल खुर्चीपेक्षा मोठा होता.

"सोड रे," दादा म्हणाला. "त्याला काय कळतंय."

पाहुणा सकाळी दहाच्या ठोक्याला आला. पन्नाशीचा, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात जाड वही. फरशी अजून ओली होती, ती बघून त्याने दारातच बूट काढले. दादा माझ्या कानात म्हणाला, "एवढा नम्र आहे म्हणजे दर पाडणार."

तो इंग्रजी बोलायचा, पण एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. प्रत्येक यंत्रापाशी तो पाच-पाच मिनिटं नुसता उभा राहिला. गोणपाटाकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही. मग दादाने नमुने पुढे केले. बारा स्प्रिंगा, लाल कापडावर मांडलेल्या. दोनशेंतून निवडलेल्या होत्या त्या. सगळ्या साकीनाक्यात नमुना असाच द्यायची पद्धत होती आणि घेणाराही ते धरूनच चालायचा.

पाहुण्याने एक स्प्रिंग उचलली, दोन बोटांत दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मी दादाचा दर सांगितला. तो गप्प.

साकीनाक्यात दर ऐकून माणूस गप्प बसला की त्याचा एकच अर्थ असतो. दादाने थोडा वेळ वाट बघितली, मग म्हणाला, "सांग, दहा टक्के सोडतो." मी सांगितलं. पाहुण्याने माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि पुन्हा गप्प. दादाच्या कपाळाला घाम आला. "पाच आणखी. त्याच्या खाली परवडत नाही, म्हणावं." मी तेही सांगितलं. एका मिनिटात आम्ही दोनदा खाली आलो होतो आणि त्या माणसाने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

मग त्याने स्प्रिंग जागच्या जागी ठेवली आणि विचारलं, "तुम्ही टाकून दिलेल्या दाखवाल का?"

मी ते मराठीत सांगितलं. दादाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच ते विचारलं. "बघ, हाच डाव आहे," तो हसरा चेहरा ठेवून म्हणाला. "आधी दर पाडला, आता खोट काढणार. सांग, नसतातच. आमच्याकडे खराब माल होत नाही."

मी इंग्रजीत म्हटलं, "नाहीत. आमच्याकडे खराब माल होत नाही."

पाहुण्याची नजर माझ्यावरून खाली गेली. खुर्चीच्या चार पायांमधून, त्यांच्या बाहेरून, त्या गोलावरून ती सावकाश फिरली. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. लिहिलं की चित्र काढलं, मला दिसलं नाही. मग आईने डब्यातून पाठवलेले पोहे त्याने शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले, दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "पत्राने कळवतो."

संध्याकाळी घरी आईने विचारलं, "काय म्हणालो?"

"कळवतो म्हणाला."

"मगे झाला," आई म्हणाली आणि आत भाकऱ्या थापायला गेली. आमच्या घरात 'कळवतो'चा दुसरा अर्थ कुणाला माहीत नव्हता. वहिनीने दादाला विचारलं, "पण पोहे तर सगळे खाल्ले ना त्यांनी?" दादा म्हणाला, "नकार द्यायचा असला की लोक सगळे खातात."

तीन आठवड्यांनी खरोखरच पत्र आलं. आठ-दहा ओळींचं होतं. त्यात होकार नव्हता, नकारही नव्हता. दोन प्रश्न होते. पहिला: शंभर स्प्रिंगांमागे किती टाकून द्याव्या लागतात, आणि कशामुळे? दुसरा: तुमचा दर एका मिनिटात दोनदा उतरला. त्यासाठी तुम्ही स्प्रिंगमधून काय कमी करणार आहात?

दुसरा प्रश्न वाचून दाखवल्यावर दादा जागचा उठला. "म्हणजे? मी त्याच्यासाठी मार्जिन सोडलं आणि हा मलाच चोर म्हणतो? दर कमी केला तरी संशय, जास्त सांगितला असता तरी संशय. यांना पाहिजे तरी काय रे?"

"त्याला कदाचित खरंच माहिती हवी असेल."

"तू पुस्तकांत राहतोस," दादा म्हणाला. "धंद्यात कुणी माहिती म्हणून विचारत नाही. एकोणीस म्हटलं तर म्हणेल एकोणीस टक्के दर कमी करा. लिही, एकही नाही. आणि दर कमी केला तो नवीन ओळख म्हणून. उद्या टाइप करून आण."

एकोणीस हा आकडा तेव्हा दादाच्या तोंडातून सहज गेला की मी आज तो मागे नेऊन त्याच्या तोंडी घालतो आहे, हे मला सांगता येत नाही. खरा आकडा मला दोन दिवसांनी कळला.

दादा शहरात स्प्रिंगांसाठी तार आणायला गेला होता. मी कॉलेजातून रजा टाकून गाळ्यावर गेलो. आमचा जुना कारागीर, ज्याला आम्ही दोघेही काका म्हणायचो, यंत्रावर होता. मी म्हटलं, "काका, आजच्या पहिल्या शंभरातल्या किती जातात ते मला बघायचंय."

काकाने यंत्र थांबवलं नाही. "दादाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला, पण दुपारपर्यंत त्याने एकेक स्प्रिंग माझ्यासमोर तपासली आणि वाईट निघेल ती माझ्या हातात दिली. शेवटी म्हणाला, "लिव. एकोणीस. अकरा तारेमुळं, सहा भट्टीमुळं, दोन माझ्यामुळं. माझं नाव नको लिवू."

मी हे प्रामाणिकपणापोटी केलं असं कुणाला वाटलं तर ते चूक आहे. मी हिशेब केला होता. त्या माणसाने तो गोल बघितला होता. ज्याने पुरावा बघितला आहे त्याच्याशी खोटं बोलून उपयोग नाही, एवढाच तो हिशेब. आणि त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी लिहायला मला तीन महिने लागले. मला वाटत होतं की हे दादापेक्षा मला जास्त कळतं.

पत्रात मी शंभरात एकोणीस लिहिलं, कारणं लिहिली. दुसऱ्या प्रश्नाला लिहिलं की स्प्रिंगमधून काहीही कमी होणार नाही. तुम्ही गप्प राहिलात त्याचा आम्ही नकार असा अर्थ घेतला, म्हणून दर उतरला. संध्याकाळी कागद दादापुढे ठेवला. त्या दिवशी, पहिल्यांदाच, त्याने पेन हातात घेऊन विचारलं, "मी सांगितलं तेच लिहिलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

त्याने सही केली.

त्यानंतरचे दोन महिने मी टपाल्यावर पाळत ठेवून होतो. पत्र दादाच्या हाती आधी पडलं तरी त्याला ते वाचता येणार नव्हतं, तरीही. जेवताना दादा नुसता माझ्याकडे बघायला लागला तरी मला वाटायचं, काकाने सांगितलं. एकदा काका घरी आला तेव्हा मी उगाचच बाहेर फिरायला निघून गेलो. गणपती झाले. मग इथल्या कंपनीतून ऑर्डर आली, पहिल्या पाच हजारांची, चाचणीसाठी. दर दादाने सर्वांत आधी सांगितला होता तोच. दादाने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "वरचाच दर? नक्की? काहीतरी गोम आहे यात," तो म्हणाला. पण त्या दिवशी तो पेढे घेऊन आला.

दिवाळीच्या आधी पाहुणा पुन्हा आला. या वेळी पोहे नव्हते, फरशी धुतली नव्हती, फक्त पिंप अजून शेठकडेच होतं आणि भट्टीवर पुन्हा गोणपाट टाकलेलं होतं. त्याने दादासमोर वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता, थेट दादाला उद्देशून, सावकाश बोलायला लागला. तो म्हणाला की त्याने मुंबईत अकरा गाळे बघितले. अकराही ठिकाणी त्याला सांगण्यात आलं की खराब माल होत नाही. नंतर त्याने अकरा जणांना पत्रं लिहिली. फक्त एकाने आकडा कळवला. त्याबद्दल तो दादाचा आभारी आहे. आकड्याशी तो थांबला आणि स्पष्ट म्हणाला, "नाइन्टीन."

दादाला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी आकडे येत होते. आकड्यांवरच त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं.

"काय नाइन्टीन?" त्याने मला विचारलं.

पाहुणा माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. दादा माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. माझ्या मनात दोन-तीन वाक्यं तयार होती, एखादं चाललंही असतं. मागे काकाने यंत्र बंद केलं.

"शंभरात एकोणीस जातात," मी म्हटलं. "मी पत्रात लिहिलं होतं."

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. परक्यासमोर तो ते हलू देणार नव्हता. मान वळवून तो काकाला म्हणाला, "पिंप आणा शेठकडनं." मग स्वतःच गेला आणि ते गडगडत घेऊन आला. गोलावर बरोबर बसवलं.

पाहुण्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, उकिडवा बसला आणि पिंपातल्या स्प्रिंगा काढून त्यांचे तीन ढीग करायला लागला. थोड्या वेळाने दादाही त्याच्यासमोर बसला. एक ढीग मोठा होत गेला. पाहुण्याने त्यातल्या एका स्प्रिंगचं खरखरीत टोक दादाच्या नखावर घासलं, तारेच्या गुंडाळीकडे बोट केलं, म्हणजे दोष तारेतच होता. दादा म्हणाला, "अच्छा, अच्छा," आणि गुंडाळीची सुरुवात कापून दाखवली. पुढे जाऊन त्याने भट्टीवरचं गोणपाट स्वतःच्या हाताने काढलं. तासभर ते दोघं असे बोलत होते. त्या तासात मला कुणी काही विचारलं नाही.

तो गेल्यावर आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. दादा म्हणाला, "तुझं बरोबर निघालं. ते नाही म्हणत मी."

मी बस येते का ते बघत होतो.

"मी पेन हातात घेऊन विचारलं होतं तुला. तेव्हा हो म्हणालास."

"तू पाठवू दिलं नसतंस."

"नसतं दिलं," तो म्हणाला. "गाळा माझा होता. बुडला असता तर माझा बुडला असता." बस आली, आम्ही चढलो, त्याने दोघांची तिकिटं काढली.

गाळा राहिला. कमी केलेल्या दोघांना दादाने परत बोलावलं. पिंपही त्यानंतर कधी दारातून हललं नाही, कुणीही आलं तरी. पत्रंही मीच टाइप करायचो. पण आता टाइप केलेला कागद दादा आधी तळमजल्यावरच्या एका निवृत्त हेडक्लार्ककडे घेऊन जायचा. ते चष्मा लावून एकेक वाक्य मराठीत सांगायचे, मग दादा सही करायचा. पहिल्या वेळी मला तिथे बघून तो ओशाळला. "कामाचं असतं रे, मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाला. पुढे ओशाळणंही गेलं. पाच वर्षं हे चाललं. ज्या परक्या माणसाचा आकडे सोडले तर एकही शब्द त्याला कळत नव्हता त्याला त्याने भट्टी उघडून दाखवली, आणि माझं प्रत्येक वाक्य तपासून घेतलं. यात अन्याय आहे असं मला पाच वर्षं वाटत राहिलं. त्या पाहुण्याच्या मनात खरंच काय होतं, हेही मी अजून ठरवू शकलेलो नाही. अकरा गाळ्यांची गोष्ट खरी होती की त्याच्याकडची बोलण्याची रीत होती, कोण जाणे. दादाने त्याच्यावर विश्वास ठेवला, एवढंच मला माहीत आहे.

या पावसाळ्यात दादाला इस्पितळात ठेवलं. तपासणीचा कागद आला, इंग्रजी. डॉक्टर राउंड संपवून गेले होते आणि वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. दादाने मला म्हटलं, "वाच."

मी आधी मनात वाचला. मग मोठ्याने सांगितलं, यकृताला सूज आहे, औषधं चालू ठेवायची, वेळ लागेल.

तो छताकडे बघत ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने मान वळवली. "पिंप कुठे ठेवलंस?" त्याने विचारलं.

आवाजात राग नव्हता. मी कागद पुन्हा उघडला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, काहीही न गाळता, एकेक वाक्य मराठीत सांगितलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. त्याने घाई केली नाही. शेवटी "बरं" म्हणाला आणि पंखा थोडा कमी करायला सांगितला.

मी घरी गेल्यावर त्याने तोच कागद वहिनीच्या भावाकडून परत वाचून घेतला, हे मला दादाचे दिवस झाल्यानंतर कळलं. दोन्ही वेळचं एकच निघालं, असं वहिनी म्हणाली.